अपघाताच्या क्लेमसाठी वकील मॅडम, सिव्हिल लाइन्स, नागपूर : आईच्या केसचा अनुभव

नागपुरात अपघाताच्या केससाठी वकील शोधून राहिले असाल तर हे पूर्ण वाचा, लांब आहे पण कामाचं आहे. मॅडमचं नाव मी इथं टाकत नाही. वकिलांना स्वतःची जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, आणि त्यांनी स्वतःच सांगितलं की लिहायचं असेल तर अनुभव लिहा, नाव नको. ऑफिस सिव्हिल लाइन्सला, जिल्हा कोर्टापासून पायी जाता येईल इतकं जवळ. रेटिंग म्हणाल तर पाचपैकी साडेचार, अर्धा काहून कापला ते खाली लिहिलं आहे.

केस आईची. २०२२ चा ऑगस्ट होता. आई कॉटन मार्केटमधून भाजी घेऊन शेजारच्या काकूंच्या पोराच्या अॅक्टिव्हावर मागे बसून येऊन राहिली होती, ग्रेट नाग रोडवर जगनाडे चौकाच्या अलीकडे एक पिकअप बाजूच्या गल्लीतून न थांबता सरळ मेन रोडवर आला आणि त्यानं गाडीला बाजूनं ठोकलं. पोराला खरचटलं तेवढंच, आई मात्र उजव्या हातावर पडली. मनगटाची दोन्ही हाडं मोडली, प्लेट टाकावी लागली, खांद्यालाही मार. आईचं वय तेव्हा ५२, नंदनवनला घरूनच कॉलेजच्या पोट्ट्यांचे डबे करायची, अठरा डबे, दोन्ही वेळचे. बाबा नाहीत, ताईचं लग्न झालं, म्हणजे घर त्या डब्यांवर आणि माझ्या पगारावर चालायचं. त्यामुळं हा हात आमच्यासाठी काय होता ते वेगळं सांगायला नको.

आधी दवाखान्यातलं सांगते कारण तिथंच बहुतेक लोक फसतात. आई ऑपरेशन होऊन वॉर्डात आली त्याच्या दुसऱ्या दिवशी एक माणूस आला, पांढरा शर्ट, हातात फाइल, कोणी पाठवलं ते सांगेना. म्हणे केस आमच्याकडे द्या, तुमचा एक रुपया लागणार नाही, जे मिळेल त्यातले पंचवीस टक्के आमचे. आणि खिशातून स्टॅम्पपॅड काढून आईचा अंगठा, जो प्लास्टरमधून बाहेर निघालेला होता आणि सुजून जांभळा झाला होता, तो धरायला लागला. ताई तिथं होती, तिनं हात झटकून त्याला बाहेर काढलं. कागद कोरे होते, नुसता खाली वकालतनामा लिहिलेला. अशी माणसं नागपुरात बऱ्याच दवाखान्यांच्या बाहेर फिरत राहतात, आणि घरचे लोक त्या वेळी इतके हबकलेले असतात की सही करून टाकतात.

हे टक्क्याचं प्रकरण नीट समजून घ्या. आपल्याकडं वकिलाला निकालावर फी ठरवता येत नाही, मिळालेल्या रकमेत वाटा मागता येत नाही, बार कौन्सिलचा नियमच आहे आणि सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा या केसमध्ये ते परत ठणकावून सांगितलं. अमेरिकेत असा करार कायद्यानं चालतो, तिथले व्हिडिओ फिरत राहतात म्हणून लोकांना वाटते इथंही तसंच असते. नाही. इथं कोणी टक्का मागितला तर तिथूनच उठून या.

मॅडमकडं आम्हाला ताईच्या सासरच्या ओळखीतून कोणीतरी पाठवलं. पहिल्या भेटीत त्यांनी आधी काय सांगितलं माहीत आहे का, की तुमच्या आईला फुकट वकील मिळू शकतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून. बाईला, अनुसूचित जाती जमातीच्या माणसाला, अपंग माणसाला उत्पन्नाची अट लागत नाही, १९८७ च्या कायद्यात कलम १२ मध्ये आहे, १५१०० हा फोन नंबर आहे, तिकडं आधी जाऊन या, पॅनलवरचे वकीलही चांगलं काम करतात, मग ठरवा. समोर बसलेल्या क्लायंटला फुकटचा रस्ता दाखवणारा माणूस मी तरी पहिल्यांदा पाहिला. आम्ही घरी जाऊन विचार केला आणि त्यांच्याकडेच परत गेलो, पण ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्यानं हा रस्ता नक्की धरावा, लाज कशाची, तो हक्क आहे.

फी त्यांनी कागदावर लिहून दिली. एकूण चाळीस हजार, तीन टप्प्यांत, अर्ज दाखल करताना, साक्ष सुरू होताना आणि युक्तिवादाच्या वेळी. टायपिंग, झेरॉक्स, नकला, डॉक्टरचा साक्षीचा खर्च वेगळा, त्याच्या पावत्या. केस हरली तरी फी तीच, जिंकली तरी तीच, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मग खरं काम. मला वाटलं आधी एफआयआर मागतील, बिलं मागतील. ते सगळं मागितलंच, पण त्याच्या आधी आईकडं वळून विचारलं, काकू, दिवसाला किती पोळ्या लाटायच्या तुम्ही? आईनं हिशेब केला, अठरा डबे, चार पोळ्या, दोन वेळ. दीडशेच्या आसपास. कणीक किती? पाच किलोच्या वर. कोण मळायचं? मीच. कोणत्या हातानं? आणि आईनं प्लास्टरचा हात वर केला. मॅडमनी ते सगळं लिहून घेतलं, आणि म्हणाल्या ही केस इथून सुरू होते.

त्याचं कारण नंतर समजलं आणि ते सगळ्यांनी समजून घ्यावं असं मला फार वाटते. अपघातात कायमचं अपंगत्व आलं की डॉक्टर टक्के लिहून देतो. लोकांना वाटते तीस टक्के लिहिलं म्हणजे कमाईचं नुकसान तीस टक्के. तसं नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा सुप्रीम कोर्टाचा २०१० सालचा निकाल आहे, त्यात म्हटलं आहे की हातापायाचे टक्के वेगळे, पूर्ण शरीराचे वेगळे आणि कमावण्याच्या ताकदीचे वेगळे. एखाद्याचा डावा हात गेला, तो ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्णच गेली, आणि तोच सरकारी ऑफिसात क्लार्क असेल तर कदाचित नोकरी तशीच चालू राहील. म्हणजे जखम तीच पण नुकसान माणसाच्या कामावर ठरते. आईच्या सर्टिफिकेटवर उजव्या हाताचं अपंगत्व ३२ टक्के होतं, विमा कंपनीचा वकील म्हणे पूर्ण शरीराचं धरलं तर दहा-अकरा टक्केच होते. बँकेत बसणाऱ्या माणसाला तो हिशेब लावा, पाच किलो कणीक मळणाऱ्या बाईला कसा लागेल.

दुसरा प्रश्न कमाईचा. आईकडं ना दुकानाचा परवाना, ना आयटी रिटर्न. विमा कंपनी म्हणणार बाई घरीच असते, कमाई शून्य. (तसं म्हटलं तरी शून्य होत नाही हे मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, घरकामाचीही किंमत धरावी लागते, कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स, सुप्रीम कोर्ट, २०२१.) पण आमच्याकडं आईची वही होती. लाल कापडी पाठीची लांब वही, किराणावाले वापरतात तशी. आईला पोट्ट्यांची नावं लक्षात राहत नाहीत म्हणून तिनं यवतमाळ १, यवतमाळ २, चष्म्यावाला, वरचा गडचिरोली, कांदा नको, असं लिहिलेलं आणि पुढं तारखेवार टिका, ज्या दिवशी डबा नाही तिथं फुली, महिन्याच्या शेवटी रक्कम आणि जमा. तेलाचा डाग पडलेली पानं. मी तर ती वही दाखवायला लाजून राहिली होती, मॅडमनी एकेक पान उलटून पाहिलं आणि सांगितलं की ही पिशवीत नका ठेवू, प्लास्टिक फोल्डर घ्या. मग आईच्या बँकेचं स्टेटमेंट शिक्का मारून आणायला लावलं, त्यात पोट्ट्यांचे फोनपेनं आलेले पैसे होते, आणि वहीतल्या जमा रकमा आणि बँकेतल्या रकमा समोरासमोर ठेवून एक तक्ता केला. चष्म्यावाला कोण ते शोधून काढलं, तो आता पुण्याला नोकरीला आहे, बिचारा सुट्टी काढून साक्षीला आला. आणि मॅडमनी अठरा डब्यांचे पूर्ण पैसे कमाई म्हणून लिहिले नाहीत, किराणा, भाजी, गॅस, हाताखालच्या बाईचा पगार वजा करून महिन्याला बारा हजार मागितले. ताई म्हणाली जास्त लिहा ना, नाहीतरी ते कमीच करतात. मॅडम म्हणाल्या, वही खरी आहे तर आकडाही खरा राहू द्या, उलटतपासणीत एक आकडा फुटला की बाकी सगळ्यावर शंका येते. मला हे पटलं.

आता शेजारच्या पोराचं. यात आम्ही सगळ्यात जास्त घाबरलो होतो. विमा कंपनीनं उत्तरात लिहिलं की अॅक्टिव्हावालाही जोरात होता, अर्धी चूक त्याची, म्हणून आम्ही अर्धेच देऊ. म्हणजे उरलेले अर्धे आम्ही काकूंच्या पोराकडून मागायचे? ज्या काकूंनी महिनाभर आईला दोन्ही वेळ जेवण पाठवलं त्यांच्या पोरावर केस करायची? आई म्हणाली मला एक पैसा नको, पण हे मी करणार नाही. मॅडमनी तिला शांतपणे समजावलं की मागे बसलेल्या माणसाची यात काहीच चूक नसते, दोन गाड्यांच्या चुकीनं तिसऱ्याला लागलं तर तो तिसरा दोघांपैकी कोणा एकाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो, मग त्या दोघांनी आपसात काय वाटून घ्यायचं ते त्यांचं ते पाहतील. खेन्येई विरुद्ध न्यू इंडिया, २०१५ चा निकाल. म्हणून आम्ही पोराला पार्टी केलंच नाही, फक्त पिकअपचा ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी. उलट पोरगाच आमचा साक्षीदार झाला आणि घटनास्थळ पंचनाम्यात पिकअपच्या टायरच्या खुणा गल्लीच्या तोंडाशी थांबल्याच नाहीत हे दिसत होतं, ते मॅडमनी नकाशा काढून दाखवलं. शेवटी पूर्ण चूक पिकअपची धरली. काकूंच्या घरी आमचं जाणं-येणं जसं होतं तसं आहे, आणि हे मी रकमेच्या वर धरते.

नंतर अजून एक आलं. पिकअप ड्रायव्हरचं लायसन्स संपलेलं निघालं. कंपनी म्हणे आमची जबाबदारी नाही. घाबरू नका असं मॅडमनी सांगितलं कारण रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला पैसे मिळावेत म्हणूनच थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, स्वरणसिंग केस, २००४, अशा ठिकाणी बहुतेक वेळा कोर्ट कंपनीला आधी भरायला लावते आणि मग मालकाकडून वसूल करायची परवानगी देते. आमच्या निकालात नेमकं तेच झालं.

तारखांबद्दल. अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज टाकायचा, ही अट १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्यात परत आली आहे, कलम १६६. आमचा अर्ज २०२३ च्या जानेवारीत गेला, म्हणजे मुदतीच्या आत. या अटीला सुप्रीम कोर्टात आव्हान आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टानं तोवर निव्वळ उशिरासाठी अर्ज फेटाळू नका असं म्हटलं, तरी त्याच्या भरवशावर बसू नका. पोलिसांनी पहिला अपघात रिपोर्ट ४८ तासांत आणि सविस्तर रिपोर्ट ९० दिवसांत अपघात दावा प्राधिकरणाला (म्हणजे या केसेस चालतात त्या कोर्टाला) पाठवायचा असाही नियम २०२२ पासून आहे, कागदावर. आमच्या ठाण्यातून वेळेत काही गेलं नाही, मॅडमच्या क्लार्कनं मागे लागून एफआयआर, पंचनामा, चार्जशीट, गाडीची आरसी, पॉलिसी हे सगळं काढलं. अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नाही, अपघात कुठंही होवो, अर्ज तुम्ही राहता तिथं टाकता येतो. सौंसरला किंवा हैदराबादकडं जाताना झाला तरी नागपूरला केस चालते.

आईची साक्ष झाली त्या दिवशी मी मागच्या बाकावर होती. कंपनीचा वकील आवाज चढवत नव्हता, चांगलाच बोलत होता, पण प्रश्न सरळ होते. तुम्ही आता घरी स्वयंपाक करता की नाही? आई म्हणाली करते, दोघींपुरता. म्हणजे हात चालतो. आई म्हणाली, चालतो साहेब, चार पोळ्यांपर्यंत चालतो, पाचव्या पोळीला लाटणं सुटते. कोर्टात कोणी काही बोललं नाही, स्टेनोनं ते टाइप केलं. मॅडमनी तिला काहीही पाठ करायला लावलं नव्हतं, फक्त आदल्या दिवशी सांगितलं होतं की जे होते तेच सांगा, जास्त नाही कमी नाही, आणि नाही आठवलं तर नाही आठवत म्हणा.

मधे एकदा राष्ट्रीय लोकअदालत आली. कंपनीनं तीन लाख देऊ केले, आजच्या आज मिटवा. लोकअदालत वाईट नसते, कोर्ट फी परत मिळते, पैसे लवकर येतात, पण एकदा सही केली की त्यावर अपील नाही. मॅडमनी तिथंच एका कागदाच्या मागे हिशेब करून दाखवला आणि ठरवा म्हणाल्या, आग्रह काही नाही. तो हिशेब इथं देते कारण तुमचाही असाच करता येईल.

महिन्याला दहा हजार धरा, वर्षाचे १,२०,०००. आई स्वतःचा धंदा करणारी, वय ५० ते ६० मधलं, म्हणून पुढं वाढू शकणाऱ्या कमाईचे दहा टक्के वर, प्रणय सेठी निकाल, २०१७, झाले १,३२,०००. त्यात कमाईच्या ताकदीचं नुकसान तीस टक्के, म्हणजे ३९,६००. वय ५१ ते ५५ ला गुणक (वर्षाच्या नुकसानीला जितक्यानं गुणायचं तो आकडा) ११, सरला वर्मा निकाल, २००९. गुणले की ४,३५,६००. (वय जितकं कमी तितका गुणक मोठा, १५ ते २५ ला १८ आहे.) जखमी माणसाच्या केसमध्ये स्वतःच्या खर्चाचा तिसरा हिस्सा कापत नाहीत, तो मृत्यूच्या केसमध्ये. याच्यावर दवाखान्याची बिलं, काम बंद होतं त्या काळाची कमाई, वेदनेचे, मदतीला ठेवलेल्या बाईचे, ऑटोचे. आणि अर्ज टाकल्याच्या तारखेपासून व्याज. तीन लाख कुठं आणि हे कुठं. आई म्हणाली थांबू.

निकाल २०२५ च्या जूनमध्ये आला. कमाई बारा मागितली होती, दहा धरली. तीस टक्के धरलं. बिलं जवळजवळ पूर्ण मिळाली, एकूण ७,७७,६०० आणि सात टक्के व्याज. कमाई बारा धरली असती तर ८७,००० च्या आसपास जास्त आले असते, ते मॅडमनी स्वतःहून सांगितलं आणि हायकोर्टात जायचं का विचारलं, नागपूर खंडपीठ बाजूलाच आहे, ९० दिवसांत अपील करता येते. आईनं नको म्हटलं. कंपनीनंही अपील केलं नाही, रक्कम भरली. काही पैसे सरळ आईच्या खात्यात आणि काही कोर्टाच्या हुकमानं एफडीत आहेत, त्याचं व्याज तिला मिळते. आई आता आठ डबे करते, पोळ्या लाटायला बाई ठेवली, तिचा पगार त्या व्याजातून निघून जाते.

आता अर्धा मार्क कापल्याचं. एक म्हणजे ऑफिस दुसऱ्या माळ्यावर, लिफ्ट नाही. अपघाताच्या केसेस घेणाऱ्या ऑफिसात येणारे निम्मे लोक कुबड्यांवर येतात, त्यांना त्या जिन्यानं चढवणं म्हणजे परत दुखणं. सांगितलं तर मॅडम स्वतः खाली येऊन गाडीत बसून बोलतात, आमच्या आधी आलेल्या एका काकांसाठी खाली उतरताना मी पाहिलं, पण हे पाटीवर लिहिलं पाहिजे, माहीत नसलेला माणूस चढूनच येतो. दोन, दिवसा फोन उचलत नाहीत, कोर्टात असतात हे मान्य, पण क्लार्क फक्त तारीख पडली एवढंच सांगते. काय झालं, काहून पडली, ते समजायला संध्याकाळ उजाडावी लागते. ईकोर्ट्स ॲपवर केसचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख आपल्यालाच दिसते, तो नंबर पहिल्याच दिवशी मागून घ्या.

तिसरी तक्रार मोठी आहे. अपंगत्वाचं नुसतं सर्टिफिकेट चालत नाही, डॉक्टरला साक्षीला यावं लागते. ज्यांनी ऑपरेशन केलं तेच डॉक्टर आले पाहिजेत असा मॅडमचा आग्रह होता, आणि डॉक्टर काही केल्या येईना, कधी ऑपरेशन, कधी कॉन्फरन्स. यात बरेच महिने गेले. शेवटी कोर्ट कमिशनरमार्फत (साक्ष घ्यायला कोर्टानं नेमलेला माणूस) त्यांच्या दवाखान्यातच साक्ष नोंदवली आणि अर्ध्या तासात झालं. हे आधीच करायला पाहिजे होतं असं मला वाटते. मी तसं त्यांना बोलून दाखवलं, त्यांनी कारण सांगितलं की कोर्टासमोर डॉक्टर बोलला की जास्त वजन पडते, असेल, पण तोपर्यंत घरी उधारी वाढत होती.

बाकी मॅडमच्या ऑफिसातल्या बाकड्यावर बसून जे ऐकलं त्यातून माणूस कसा आहे ते समजते. एक बाई आल्या होत्या, नवऱ्याला अनोळखी गाडी उडवून गेली, नंबरच नाही. मॅडमनी वकालतनामा काढलाच नाही, म्हणाल्या हिट अँड रनला सरकारची वेगळी योजना आहे, मृत्यूला दोन लाख, गंभीर जखमेला पन्नास हजार, अर्ज महसूल खात्याकडं द्यायचा, एसडीओ किंवा तहसील ऑफिस, माझी गरज नाही. आणि फॉर्म कसा भरायचा ते क्लार्कला सांगून दिलं. एक पोरगा खड्ड्यात पडून पाय मोडून आला होता, त्याला मुंबई हायकोर्टाचा ऑक्टोबर २०२५ चा आदेश सांगितला, खड्ड्यामुळं मृत्यू झाला तर सहा लाख आणि जखमीला पन्नास हजार ते अडीच लाख, रस्ता ज्याच्या ताब्यात त्यानं द्यायचे. त्याला म्हणाल्या खड्ड्याचा फोटो काढला का, उद्या बुजवून टाकतील, आजच काढ. आणि मेडिक्लेमचे पैसे मिळाले तर कोर्टात बिलं मिळणार नाहीत असं कोणीतरी एका कुटुंबाला सांगितलं होतं, तेही खोडून काढलं, मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठानं २०२५ मध्येच सांगितलं आहे की मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून कापायची नाही, ती माणसानं हप्ते भरून कमावलेली असते.

आमच्या वेळी नव्हतं पण आता आहे म्हणून सांगते, मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आली आहे, रस्त्यावरच्या अपघातात जखमी माणसाला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार योजनेतल्या दवाखान्यात. दवाखान्यात पोहोचल्याबरोबर विचारा. आणि गाडी तुमच्या नावावर असेल तर पॉलिसीत मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा आहे का ते आजच काढून पाहा, तो स्वतःच्या चुकीनं पडलं तरी लागू होते, त्याला समोरच्याची चूक सिद्ध करावी लागत नाही.

मॅडमकडं जायचं असेल तर संध्याकाळी सहानंतर जा, शनिवारी दुपारीही असतात. पहिल्या भेटीला एफआयआरची कॉपी, डिस्चार्ज कार्ड, सगळी बिलं तारखेनं लावून, औषधाच्या दुकानाची छोटी पावतीही, एक्सरेच्या फिल्म, समोरच्या गाडीचा नंबर (एमपरिवहन ॲपवर टाकला की विमा चालू आहे का दिसते), आणि कमाईचं जे काही असेल ते, वही, फोनपेची हिस्ट्री, भाजीवाल्याचा हिशेब, काहीही. थर्मल पेपरच्या पावत्यांची शाई उडून जाते, त्याच्या झेरॉक्स त्याच आठवड्यात काढून घ्या, आमच्या तीन पावत्या अशाच कोऱ्या झाल्या आणि तेवढे पैसे मिळाले नाहीत. मूळ कागद त्या ठेवून घेत नाहीत, पाहून परत देतात, आणि काय काय पाहिलं त्याची यादी करून देतात, ती यादी सांभाळा, साक्षीच्या वेळी तोच क्रम लागते.